इच्छा नसतानाचा व्यायाम आणि मर्यादा पुढे सरकवण्याची रीत

व्यायाम सुरू करणाऱ्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते. पहिले दोन-तीन आठवडे अंगात उत्साह असतो, मग तो ओसरतो, आणि तो पुन्हा कधी येईल याची वाट पाहण्यात महिने निघून जातात. या वाट पाहण्यामागे अशी समजूत असते की आधी उमेद यावी लागते आणि मगच हातून मेहनत होते. स्वतः व्यायाम करताना आणि इतरांना करताना पाहून माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे. उमेद बहुतेक वेळा मेहनतीच्या मागून येते, आणि आपली प्रगती आपल्याच डोळ्यांना दिसू लागली की ती टिकते. म्हणूनच उमेद कशी टिकवावी आणि मर्यादा कशी ओलांडावी हे दोन प्रश्न मी वेगळे मानत नाही. ज्याला आपली आजची मर्यादा नेमकी ठाऊक आहे, त्यालाच ती पुढच्या महिन्यात कणभर सरकलेली दिसते, आणि ते दिसले की दुसऱ्या दिवशी पुन्हा उठावेसे वाटते. पुढे सांगितलेली रीत या एका गोष्टीभोवती बांधलेली आहे.

कारण आपले स्वतःचे असावे

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणूस एखादे काम दीर्घकाळ का करत राहतो याचा अनेक दशके अभ्यास केला. त्यांच्या मांडणीनुसार त्यासाठी मनाच्या तीन गरजा भागाव्या लागतात: हे काम आपण स्वतः निवडले आहे असे वाटणे, त्यात आपला हात बसत चालला आहे असे वाटणे, आणि या वाटेवर आपल्यासोबत कोणीतरी आहे असे वाटणे. व्यायाम सोडून दिलेल्या माणसांची हकिगत नीट ऐकली, तर यांपैकी एखादी गरज, आणि बहुधा पहिलीच, उपाशी राहिलेली आढळते. कोणी टोकले म्हणून, आरशात पाहून लाज वाटली म्हणून किंवा सोबतचे सगळे धावतात म्हणून सुरू केलेला व्यायाम काही दिवस चालतो. ते टोकणे थांबले की व्यायामही थांबतो.

तेव्हा आपण व्यायाम का करणार आहोत हे एका वाक्यात कागदावर लिहावे, आणि ते वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडचे वाटत असेल तर खोडून पुन्हा लिहावे. जिने चढताना धाप लागू नये, दिवसभर उभे राहूनही पाठ दुखू नये, मुलाला खांद्यावर घेऊन टेकडी चढता यावी, अशी साधी कारणे फार काळ साथ देतात, कारण ती रोजच्या जगण्यात पुन्हा पुन्हा आठवतात. व्यायामाचा प्रकारही याच कसोटीवर निवडावा. ज्याला धावण्याचा मनापासून कंटाळा आहे त्याने पोहावे, सायकल चालवावी किंवा वजने उचलावीत. सर्वांत उत्तम व्यायाम कोणता या वादात पडून नावडता प्रकार गळ्यात मारून घेऊ नये.

ध्येय ठरवताना एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. शरीराचे वजन अमुक किलोने उतरावे हे ध्येय आपल्या थेट ताब्यात नसते. अंगातील पाण्याच्या चढउतारामुळे काट्यावरचा आकडा एका दिवसात एक-दोन किलोनेही इकडेतिकडे होतो, आणि मग प्रामाणिक मेहनत केलेल्या माणसाला वाटते की सगळे वाया गेले. त्याऐवजी तीन महिन्यांत सलग दहा जोर मारणे, न थांबता तीस मिनिटे धावणे, किंवा आपल्या शरीराच्या वजनाइतका भार जमिनीवरून उचलणे, असे कृतीचे ध्येय ठेवावे. त्याच्या दिशेने पडलेले प्रत्येक पाऊल मोजता येते.

दिवस, वेळ आणि जागा

ध्येय ठरल्यावर लगेच पुढची पायरी गाठावी, कारण बहुतेक संकल्प इथेच मोडतात. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले होते. एका गटाला विशेष काही सांगितले नाही. दुसऱ्याला व्यायाम हृदयासाठी किती हिताचा आहे हे पटवून देणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्याला तोच मजकूर दिला आणि शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या ठिकाणी व्यायाम करणार हे लिहून घेतले. पहिल्या गटातील ३८ टक्के विद्यार्थ्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. नुसते पटवून दिलेल्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते, म्हणजे मन वळवण्याचा काहीच उपयोग झाला नाही. दिवस, वेळ आणि जागा लिहिलेल्या गटात मात्र ९१ टक्के जणांनी व्यायाम केला. प्रेरणादायी भाषणे आणि चित्रफिती पाहण्यात तासन् तास घालवणाऱ्या प्रत्येकाने हे तीन आकडे लक्षात ठेवावेत असे मला कळकळीने वाटते.

लिहिण्याची पद्धत सोपी आहे. आधीपासून रोज घडणारी एखादी गोष्ट निवडावी आणि व्यायाम तिच्या शेपटीला बांधावा: सकाळी दात घासून झाले की बूट घालायचे, कामावरून परतल्यावर खुर्चीत न बसता आधी कपडे बदलायचे. कपडे आणि बूट आदल्या रात्रीच समोर काढून ठेवावेत. नेहमी येणाऱ्या अडचणीचे उत्तरही त्याच वाक्यात बसवावे, म्हणजे पाऊस असेल तर धावण्याऐवजी घरातच बैठका आणि जोर, उशीर झाला तर पूर्ण तासाऐवजी वीस मिनिटे. असे केल्याने ऐन वेळी विचार करायची गरज उरत नाही, आणि आळसाला शिरकाव करायला जी फट लागते ती नेमकी त्या विचाराचीच असते.

सवय जडायला एकवीस दिवस लागतात असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांना बारा आठवडे पाहून केलेल्या अभ्यासात वेगळे चित्र निघाले. एखादी कृती आपोआप होऊ लागायला लागणारा मध्यम काळ ६६ दिवसांचा होता, आणि व्यक्तीनुसार व कृतीनुसार तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे हे नोंदींवरून बांधलेले अंदाज आहेत). पाणी पिण्यासारख्या साध्या सवयीपेक्षा व्यायामाच्या सवयीला अधिक वेळ लागला. याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मला त्याहून मोलाचा वाटतो: मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेला म्हणण्यासारखा धक्का बसला नाही. म्हणून चुकलेल्या दिवसाबद्दल स्वतःला कोसत बसू नये, आणि त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायामही करू नये. ठरलेल्या दिवशी ठरलेला व्यायाम करावा, एवढेच.

ज्या दिवशी अजिबात इच्छा नसते त्या दिवसासाठी दहा मिनिटांचा नियम ठेवावा. कपडे बदलून दहा मिनिटे हलका व्यायाम करावा आणि त्यानंतर थांबायचे की पुढे जायचे ते ठरवावे. अंग तापल्यावर बहुतेक वेळा माणूस पुढे जातोच. पण दहा मिनिटांनंतरही शरीर नाही म्हणत असेल, तर निःसंकोच थांबावे. नियम पाळलेला असल्याने त्या दिवसाची नोंद पूर्ण झाली असे समजावे. ही मुभा खरी असली पाहिजे, नाहीतर मन दुसऱ्या वेळी या कराराला फसत नाही.

किती व्यायाम पुरेसा, याचे माप जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिले आहे: प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. हे माप अजून गाठलेले नसेल, तर मर्यादा ताणण्याचा विचार बाजूला ठेवून आधी तिथपर्यंत पोहोचावे.

नोंदवही

माझ्या मते या साऱ्या रीतीचा कणा नोंदवही हा आहे. मोबाइलवरचे ॲप चालेल, पण साधी वही मला अधिक बरी वाटते, कारण ती व्यायाम करताना समोर उघडी राहते आणि तिच्यात दुसरे काही शिरत नाही. प्रत्येक दिवसासाठी चार गोष्टी लिहाव्यात: काय केले, किती केले, किती जड गेले, आणि आदल्या रात्री झोप कशी झाली. पहिल्या दोन गोष्टी सगळेच लिहितात. तिसरी फारसे कोणी लिहीत नाही, आणि मर्यादेची खरी माहिती तिच्यातच असते.

किती जड गेले हे आकड्यात मांडण्याची पद्धत गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने घालून दिली. त्याची मूळ मोजपट्टी ६ पासून २० पर्यंत आहे. ती अशी विचित्र वाटते कारण आकड्याला दहाने गुणले की निरोगी तरुण माणसाच्या नाडीच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज मिळावा अशी तिची रचना आहे. रोजच्या वापराला ० ते १० ची पट्टी सोपी पडते. धावणे, पोहणे, सायकल यांसाठी ३ म्हणजे निवांत गप्पा मारता येतील इतका श्रम, ५-६ म्हणजे तुटक वाक्ये बोलता येतील इतका, ८ म्हणजे एखाद-दुसरा शब्दच निघेल इतका, आणि १० म्हणजे त्याहून पुढे एक पाऊलही शक्य नाही इतका. वजने उचलताना हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारावा: सेट, म्हणजे न थांबता लागोपाठ उचलण्याची एक फेरी, संपला तेव्हा आणखी किती वेळा उचलता आले असते? दोनदा आले असते तर श्रम ८, एकदा आले असते तर ९. सुरुवातीला हा अंदाज चुकतो. नवख्या माणसाला वाटते की संपलो, आणि प्रत्यक्षात त्याच्यात चार-पाच वेळा उचलण्याची ताकद शिल्लक असते. पण रोज लिहिण्याच्या सरावाने दोन-तीन महिन्यांत अंदाज बराच नेमका होतो.

वही हाती असली की वजन कधी वाढवायचे याचे उत्तर वहीच देते. समजा, ४० किलोच्या स्क्वॉटचे, म्हणजे खांद्यांवर भार घेऊन मारायच्या बैठकांचे, प्रत्येकी आठ वेळांचे तीन सेट ठरले आहेत. शेवटच्या सेटमध्ये दोन वेळा जास्त, म्हणजे दहा वेळा उठता आले, आणि हे लागोपाठ दोन दिवशी जमले, तर पुढच्या वेळी वजन वाढवावे. वाढ २ ते १० टक्क्यांच्या आतच असावी. दंड-खांद्यांच्या व्यायामांत खालच्या टोकाला आणि मांड्या-पाठीच्या व्यायामांत वरच्या टोकाकडे. वजन वाढले की वेळा पुन्हा आठवर येतील, मग त्या हळूहळू दहावर न्याव्यात. थॉमस डेलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांचे कमजोर झालेले पाय बळकट करण्यासाठी टप्प्याटप्प्याने भार वाढवण्याची जी पद्धत वापरली, तीच आजच्या जिममधील सेट आणि रेप (सेटमधले एकेक उचलणे) यांच्या हिशेबामागे आहे. मोडलेल्या शरीरांवर जी रीत सिद्ध झाली, तिच्यात घाई नव्हती, मोजमाप होते.

नवख्यांना या वहीत एक आनंददायक गोष्ट दिसेल. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण आरशात फरक दिसत नाही. याचे कारण असे की सुरुवातीची वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते: आहेत त्याच स्नायूंतील अधिक तंतूंना एकाच वेळी आणि योग्य क्रमाने कामाला लावायला मेंदू शिकतो. स्नायू जाड होण्याचे काम त्यानंतर हळूहळू दिसू लागते. आरशावर विसंबणारा माणूस याच काळात निराश होऊन सोडतो, आणि वही लिहिणाऱ्याला याच काळात सर्वांत भराभर प्रगती दिसते.

मर्यादा म्हणजे नेमके काय

आता मुख्य विषयाकडे येतो. "आता एक पाऊलही टाकवत नाही" असे ज्या क्षणी वाटते, त्या क्षणी स्नायू खरोखर संपलेले असतात का? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना बराच काळ गुंतवून ठेवले आहे, आणि काही प्रयोगांची उत्तरे अगदी विचार करायला लावणारी आहेत.

इकाई आणि स्टाइनहाउस या संशोधकांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना हाताने पूर्ण ताकदीने ओढायला सांगितले जाई. ओढण्याच्या काही क्षण आधी पिस्तुलाचा बार काढला किंवा ओढणारा स्वतः ओरडला, तर ताकद वाढलेली आढळली. स्नायू तोच, माणूस तोच. म्हणजे आधीचे "पूर्ण ताकदीने" हे पूर्ण नव्हते. २००४ सालच्या एका प्रयोगात सायकलपटूंनी साधारण तासाभराच्या शर्यतीत कर्बोदकयुक्त द्रावण न गिळता नुसती चूळ भरून थुंकले, तरी त्यांची वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली. पोटात काहीच गेले नव्हते, तरी तोंडातील जाणिवेवरून मेंदूने हात थोडा सैल सोडला असा त्याचा अर्थ लावला जातो. आणि सॅम्युएले मार्कोरा या संशोधकाच्या २००९ सालच्या प्रयोगात ९० मिनिटे डोके शिणवणारे काम केल्यानंतर लोक सायकलवर नेहमीपेक्षा सुमारे १५ टक्के लवकर थकले, जरी त्यांच्या हृदयावर आणि स्नायूंवर त्या कामाचा तसा परिणाम दिसला नाही. फरक एवढाच होता की त्यांना तेच श्रम पहिल्यापासून अधिक जड वाटत होते.

यावरून काय घ्यावे? नुसत्या मनाच्या बळावर काहीही शक्य आहे असा अर्थ काढणे धोक्याचे आहे, आणि मी तो काढत नाही. स्नायूंना, हृदयाला आणि फुप्फुसांना कठोर सीमा असतात. परंतु श्रम सोडून देण्याचा आपला निर्णय बहुधा त्या सीमेच्या अलीकडे होतो, कारण तो श्रम किती जड वाटतो यावर अवलंबून असतो. म्हणजे मर्यादा सरकवण्याचे दोन मार्ग आहेत: शरीर बळकट करणे, जेणेकरून तेच काम हलके वाटेल, आणि जडपणाच्या त्या जाणिवेशी ओळख करून घेणे, जेणेकरून ती येताच घाबरून थांबणे होणार नाही. पहिल्या मार्गाला महिने आणि वर्षे लागतात. दुसऱ्याला काही आठवड्यांचा सराव पुरतो, पण तो सराव जाणीवपूर्वक करावा लागतो.

कठीण दिवस कसा पार पाडावा

मर्यादेपर्यंत जाण्याचा दिवस आठवड्यातून एक, फार तर दोन ठेवावेत. जागतिक दर्जाचे दीर्घ पल्ल्याचे खेळाडूसुद्धा रोज जिवाच्या आकांताने सराव करत नाहीत. स्टीफन सायलर या संशोधकाने त्यांच्या सरावाच्या नोंदी तपासल्या तेव्हा साधारण ८० टक्के सत्रे सोप्या वेगाची आणि उरलेली २० टक्के कठीण असे प्रमाण आढळले. हौशी माणसाचे नेमके उलट होते. त्याचा सोपा दिवस पुरेसा सोपा नसतो, म्हणून कठीण दिवशी पाय जड असतात आणि तो दिवसही पुरेसा कठीण होत नाही. सगळेच दिवस मधल्या वेगाचे होतात आणि मर्यादा जागच्या जागी राहते.

कठीण दिवस आधी ठरवावा आणि त्या दिवशी डोक्याला शीण देणारी कामे शक्य तितकी व्यायामानंतर ठेवावीत. मार्कोरा यांच्या प्रयोगाचा हा थेट उपयोग आहे. दहा-पंधरा मिनिटे अंग तापवावे, शेवटी मुख्य व्यायामाच्या वेगाजवळ जाणाऱ्या दोन-तीन छोट्या फेऱ्या घ्याव्यात. त्यानंतर जे काम ठरले आहे ते अगदी स्पष्ट असावे: ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटे चालणे; किंवा ठरलेल्या वजनाचे पाच सेट. "जमेल तितके" असे धूसर लक्ष्य ठेवले की मन पहिल्या त्रासाला सौदा करू लागते.

मधल्या टप्प्यात, म्हणजे सुरुवातीचा जोश संपलेला आणि शेवट अजून दूर असताना, सोडून देण्याचा विचार सर्वांत प्रबळ असतो. तेव्हा उरलेल्या सगळ्या कामाचा विचार करू नये. लक्ष पुढच्या वळणावर, पुढच्या दहा श्वासांवर किंवा हातातल्या एका रेपवर आणावे. त्यासोबत स्वतःशी बोलण्याचे एक-दोन छोटे वाक्यप्रकार आधीच ठरवून ठेवावेत. ही भोळी कल्पना नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ जणांपैकी निम्म्यांना दोन आठवडे असे बोलण्याचा सराव करायला लावला. त्यानंतर थकून थांबेपर्यंत सायकल चालवण्याचा त्यांचा वेळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढला, आणि मध्यावर तेच श्रम त्यांना आधीपेक्षा हलके वाटले. वाक्य आपल्या बोलीतले असावे आणि त्या क्षणाला लागू पडणारे असावे. सुरुवातीसाठी "सावकाश, खांदे सैल", मध्यासाठी "एवढे मी आधीही सोसले आहे", शेवटासाठी "अजून एक". उसनी, भपकेबाज वाक्ये ऐन थकव्यात जिभेवर येत नाहीत.

सोबतीचाही मोठा हातभार लागतो. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ सालीच दाखवून दिले होते की सायकलस्वार एकट्याने घड्याळाविरुद्ध जातात त्यापेक्षा इतरांच्या सोबतीने अधिक वेगाने जातात. आपल्यापेक्षा थोडासा, अगदी थोडासा, पुढे असलेला जोडीदार सर्वांत उपयोगी. खूप पुढे असलेल्याच्या मागे धावण्याने माणूस खचतो किंवा जखमी होतो.

रॉजर बॅनिस्टर या इंग्रज धावपटूची तयारी या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखी आहे. ६ मे १९५४ रोजी त्याने एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावून चार मिनिटांची सीमा पहिल्यांदा ओलांडली, आणि त्यानंतर अवघ्या ४६ दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने ३ मिनिटे ५७.९ सेकंदांची वेळ दिली. ही गोष्ट बहुतेक वेळा मनाची भिंत कोसळल्याचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि तेवढ्यावर थांबल्याने तिचा खरा उपयोग हरवतो. बॅनिस्टर हा वैद्यकाचा विद्यार्थी होता, त्याला सरावाला वेळ थोडा मिळे, आणि तो वेळ तो काटेकोरपणे मोजून वापरत असे. त्याच्या सरावाचा गाभा पाव मैलाच्या दहा फेऱ्या, मध्ये थोडी विश्रांती, असा होता. हिवाळ्यात एका फेरीला ६६ सेकंद लागत. वसंतात ती वेळ ६१ पर्यंत आली आणि तिथेच अडकली. कितीही जोर लावला तरी पुढे सरकेना. तेव्हा त्याने धावणे थांबवले, काही दिवस डोंगर चढायला निघून गेला, आणि परतल्यावर त्याच फेऱ्या ५९ सेकंदांत झाल्या. प्रत्यक्ष शर्यतीतही वेग राखण्यासाठी ब्रॅशर आणि चॅटअवे हे दोन सोबती त्याच्यापुढे धावत होते. मोजमाप, सोबत, आणि अडकल्यावर घेतलेली विश्रांती: सीमा ओलांडणाऱ्या त्या चार मिनिटांच्या आतल्या धावेमागे हे सगळे होते.

म्हणून दर चौथ्या ते सहाव्या आठवड्याला एक हलका आठवडा ठेवावा. त्यात व्यायामाचे दिवस तेच असावेत, पण सेट किंवा अंतर निम्म्यावर आणावे. व्यायामाने शरीरावर ताण येतो आणि बळ त्यानंतरच्या विश्रांतीत चढते. रोज किमान सात तास झोप हा याच हिशेबाचा भाग आहे. वहीतील आकडे दोन-तीन आठवडे पुढे सरकत नसतील, तर आणखी मेहनत करण्याआधी झोपेची ओळ वाचावी.

कधी थांबावे

जडपणा सोसायला शिकणे आणि वेदनेकडे दुर्लक्ष करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एके काळी मी स्वतः हे अंतर ओळखले नाही. गुडघ्याच्या खालच्या बाजूला येणारी टोचरी कळ जिद्दीने दाबत राहिलो आणि त्यापायी कित्येक आठवडे बसून काढावे लागले. स्नायूंत दोन्ही बाजूंना सारखी होणारी जळजळ, धाप, पाय जड होणे हा श्रम आहे. एकाच बाजूला, एकाच बिंदूवर, सांध्यात किंवा स्नायूच्या टोकाशी येणारी तीक्ष्ण कळ ही इशारत आहे, आणि तिच्यामुळे चाल बदलत असेल तर त्याच क्षणी थांबावे. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात, त्यामुळे ताकद वाढली म्हणून भार भराभर वाढवणाऱ्यांना हा त्रास हमखास गाठतो.

नव्या किंवा अधिक व्यायामानंतर एक ते तीन दिवस राहणारे अंगदुखीचे दिवस स्वाभाविक आहेत. त्या काळात हलके चालणे बरे पडते. मात्र स्नायू विलक्षण सुजले, दुखणे वाढतच गेले आणि लघवी गडद तपकिरी होऊ लागली, तर स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडांना धोका असू शकतो, म्हणून तातडीने रुग्णालय गाठावे. लांबच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी जुना आकडा गाठू पाहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. छातीत दुखणे किंवा दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, श्रमाच्या मानाने भलतीच धाप, नाडीची अनियमित धडधड यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कठीण दिवसांची आखणी डॉक्टरांशी बोलूनच करावी. तापात व्यायाम करू नये.

सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजण्याची सवय असेल, तर तीही वहीत लिहावी. ती सलग काही दिवस नेहमीपेक्षा वाढलेली असेल, चिडचिड होत असेल आणि सोपा वेगही जड वाटत असेल, तर कठीण दिवस पुढे ढकलावा.

खंड पडल्यावर

आजारपण, प्रवास, कामाचा भार यांनी खंड पडणारच, आणि व्यायाम कायमचा सुटण्याचे सर्वांत मोठे कारण हा खंड नसून परत येतानाची घाई असते. नियमित सराव करणाऱ्या खेळाडूंनी व्यायाम पूर्ण थांबवल्यावर काय होते हे १९८४ सालच्या एका अभ्यासात पाहिले गेले. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या २१ दिवसांत सुमारे ७ टक्क्यांनी आणि ५६ दिवसांपर्यंत सुमारे १६ टक्क्यांनी घटली, व त्यानंतर स्थिरावली. स्नायूंची ताकद त्याहून सावकाश उतरते. म्हणजे एक-दोन आठवड्यांच्या खंडाने फारसे काही गमावलेले नसते, आणि दोन महिन्यांच्या खंडानेही सगळे गमावलेले नसते.

आठवडाभराच्या खंडानंतर शेवटच्या नोंदीपेक्षा दहा टक्के कमी भाराने सुरुवात करावी. महिनाभर सुटले असेल, तर पहिल्या आठवड्यात सेट आणि अंतर निम्म्यावर ठेवावे, श्रमाचा आकडा ६ च्या वर जाऊ देऊ नये, आणि दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत तीन-चार आठवड्यांत जुन्या जागी यावे. या काळात जुन्या पानांशी तुलना करण्याचा मोह होतो आणि तेच मनाला सर्वांत जास्त लागते. म्हणून परत आल्याच्या दिवशी वहीचे नवे पान उघडून वर तारीख टाकावी, आणि पुढचा महिनाभर केवळ त्या पानावरच्या पहिल्या ओळीशी तुलना करावी.